गळती

बांधकामाच्या धंद्यात बत्तीस वर्षे काढल्यानंतर मला ज्या एका शब्दाची धास्ती वाटते, तो शब्द म्हणजे गळती. पायाखाली काळा पाषाण लागला तर खर्च वाढतो, वाळू मिळाली नाही तर काम अडते, पण या दोन्हींवर काही ना काही तोड निघते. गळतीच्या बाबतीत मात्र पाणी जिथून आत शिरते आणि जिथून बाहेर पडते त्या दोन जागांमध्ये कधी कधी तीस-तीस फुटांचे अंतर असते, आणि तेवढ्या अंतरात माणसाचे सगळे शहाणपण वाहून जाते. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला एका इमारतीच्या तळघरातील पार्किंगचे असे दुखणे मी सहा वर्षे सांभाळतो आहे. स्लॅबचे ओतकाम दोन टप्प्यांत झाले, त्या दोन टप्प्यांमधल्या सांध्यातून पाणी झिरपते, आणि सांध्याच्या रेषेवर ओळीने पांढरी बारीक टोके लोंबतात. त्यांतून ठिबकणारे पाणी खालच्या गाड्यांच्या टपांवर पांढरे डाग पाडते, ते डाग पॉलिशनेही निघत नाहीत, आणि मग सोसायटीच्या सचिवांचा मला फोन येतो.

ही कैफियत इथे मांडण्याचे कारण असे, की गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस कंबोडियात, एका डोंगराच्या पोटात, सातव्या शतकातल्या विटांच्या एका शिवमंदिरासमोर मी उभा होतो आणि माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हे पार्किंग. पत्नीला तसे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, निदान इथे तरी ओळंबा खिशातून बाहेर काढू नका."

अंगकोर वाट आम्ही त्याआधी पाहून झालो होतो. त्याच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही, म्हणून ते सोडून देतो. देशाच्या दक्षिणेला, समुद्रापासून फार दूर नसलेले कंपोट नावाचे नदीकाठचे गाव आहे, तिथे आम्ही केवळ विश्रांतीसाठी गेलो होतो. राजधानी फ्नोम पेन्हपासून ते सुमारे १५० किलोमीटर आहे. फ्रेंच अमदानीतल्या जुन्या दुमजली इमारती, मिठागरे आणि मिरी यांसाठी हे गाव ओळखले जाते; कंपोटच्या मिरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्यासारख्या शाकाहारी माणसांना तिथे ती मिरी भाताबरोबर पुष्कळ आधार देते, एवढे सांगून जेवणाचा विषय संपवतो.

गावातून केप नावाच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता धरला की थोड्याच वेळात सपाट भातखाचरांच्या मधून एकेकटे डोंगर उभे राहिलेले दिसतात. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हे डोंगर विचित्र वाटतात. आपल्याकडे अंजनेरी घ्या, ब्रह्मगिरी घ्या किंवा चांदवडची रांग घ्या, प्रत्येक डोंगराला आडवे थर असतात, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एकेक लोट पसरून, थंड होऊन त्यांचा एकेक पदर तयार झाला आहे. कंपोटचे डोंगर चुनखडकाचे आहेत. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी उथळ समुद्रात शंखशिंपल्यांचा आणि सूक्ष्म जिवांचा चुना साठत गेला, त्याचा दगड झाला आणि पुढे पावसाने तो दगड विरघळवत आणला. त्यामुळे या डोंगरांना थर दिसत नाहीत. त्यांना सुरकुत्या, भोके आणि कडे आहेत, आणि आतून ते पोकळ आहेत. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून वाट काढते, पण त्या दगडाला ते अशा रीतीने विरघळवू शकत नाही. म्हणूनच नाशिककराला ‘लेणे’ ठाऊक असते, पण खरी ‘गुहा’ त्याने बहुधा पाहिलेली नसते, आणि मीही पाहिलेली नव्हती.

फ्नोम म्हणजे ख्मेर भाषेत डोंगर. या डोंगराचे नाव फ्नोम छ्नोक. टुकटुकवाल्याने आम्हाला आधी भलत्याच डोंगराच्या पायथ्याशी नेले आणि तिथे शेतात काम करणाऱ्या बाईने हात हलवून आम्हाला परत पाठवले. योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत दुपारचे साडेतीन वाजले होते, पण ते एका अर्थी बरेच झाले, कारण उतरत्या उन्हात तो परिसर पाहण्यासारखा होतो. पायथ्याशी बौद्ध विहार आहे. तिथल्या भिक्षूंना माणशी एक डॉलर द्यायचा आणि मग भाताच्या खाचरांमधल्या बांधावरून डोंगराकडे चालत जायचे. त्या वाटेवरच हातात बॅटरी घेतलेला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आमच्याबरोबर चालू लागला. त्याला आम्ही बोलावले नव्हते आणि त्यालाही त्याची गरज वाटली नाही. पायऱ्या २०३ आहेत, असे त्याने बोटांनी दाखवून सांगितले. मी मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढे दम लागल्यामुळे हिशेब चुकला, त्यामुळे त्याचाच आकडा प्रमाण मानतो.

पायऱ्या डोंगराच्या कडेने वर जातात आणि मग अचानक आत, खाली उतरतात. बाहेरच्या उकाड्यातून आत पाऊल टाकल्याबरोबर अंगावर गारवा येतो, पाठोपाठ वटवाघळांचा उग्र वास येतो, आणि मग डोळ्यांना उजेडाची सवय होता होता वर पाहिले की छत किती उंच आहे हे कळते. त्या छताला दोन ठिकाणी आरपार धुराड्यासारखी भोके आहेत आणि त्यांच्या तोंडाशी वाढलेल्या झाडांतून गाळून आलेला हिरवट उजेड खाली पडतो. मुलाने बॅटरीचा झोत एका लोंबत्या दगडावर टाकला आणि हात नाकाजवळ धरून सोंडेसारखा हलवला. हत्ती खरोखरच होता: सोंड, कान, कपाळ. दुसरा हत्ती उजव्या हाताच्या कड्यावर होता, पण तो दिसायला भक्ती थोडी जास्त लागते. मी हत्तींकडे फार वेळ पाहिले नाही, कारण तोपर्यंत मला देऊळ दिसले होते.

ते देऊळ लहान आहे. अंगकोर पाहून आलेल्या माणसाला तर ते देवघरच वाटावे. चौकोनी गाभारा, एक दार, आणि वर टप्प्याटप्प्याने निमुळते होत गेलेले शिखर, एवढाच त्याचा विस्तार; सगळे विटांचे. ते गुहेच्या कुशीत असे बसले आहे की त्याच्यावर छताचा खडक अक्षरशः ओघळून आलेला आहे. आता शिखर कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो हे काही बाजूंनी सांगता येत नाही. मंडप नाही. दारासमोर नंदीही मला दिसला नाही, आणि त्याचे मला काही वाटले नाही, कारण पंचवटीत कपालेश्वरासमोरही नंदी नसतो.

पुढचा अर्धा तास मी विटा पाहिल्या. हे वाचून कोणाला हसू येईल, परंतु ज्याला जे कळते ते तो पाहतो. आपल्याकडे वीटकामाचे पहिले दर्शन होते ते सांध्यांचे: विटांच्या मधली मसाल्याची राखाडी जाळी. इथे ती जाळीच नव्हती. दोन विटांच्या मध्ये माझी नखाची कड शिरत नव्हती. ख्मेर कारागीर भाजलेल्या विटांचे पृष्ठभाग एकमेकींवर घासून सपाट करत आणि मग त्या जवळजवळ कोरड्या वाटाव्यात इतक्या पातळ लेपावर बसवत. हा लेप वनस्पतीच्या चिकापासून केलेला असावा असे अभ्यासक मानतात. मी आयुष्यात जेवढे वीटकाम करवून घेतले त्यात गवंड्याला अर्ध्या इंचापेक्षा जाड सांधा ठेवू नको म्हणून ओरडण्यात माझा निम्मा आवाज गेला आहे. वीट कमी-जास्त झाली की गवंडी मसाल्याने तिची भरपाई करतो. ज्याने मसालाच काढून घेतला त्याला वीट चुकवण्याची मुभा राहत नाही.

दारातून वाकून आत डोके घातले आणि वर पाहिले, तर शिखर आतून पोकळ होते. प्रत्येक थरातली वीट खालच्या विटेपेक्षा थोडी पुढे काढत काढत चारही भिंती वर एकमेकींना भेटवल्या होत्या. या पद्धतीला आपल्याकडे कदलिकाकरण म्हणतात. हिच्यात कमान नसते, कळीचा दगड नसतो, सारा तोल वजनावर असतो. अशा रचनेचा मोठा शत्रू पाणी. विटांच्या सांध्यात पाणी शिरले, त्यात बी रुजले, मुळी फुगली की थर हलतो, आणि एक थर हलला की वरचे सगळे थर त्याच्या मागोमाग येतात. उघड्यावर उभी असलेली त्या काळातली कितीतरी विटांची देवळे पिंपळवर्गातल्या झाडांनी अशीच उकलली आहेत. इथे मात्र विटेची धार अजून बोटाला लागत होती. लोणा नाही, शेवाळ नाही, मूळ नाही. ज्याने ही जागा निवडली त्याने देवळाच्या आधीच त्याचे छप्पर शोधून ठेवले होते.

आता काळाविषयी थोडे. प्रवासी पुस्तिका या देवळाला सातव्या शतकातले आणि फुनान राजवटीतले म्हणतात. या दोन गोष्टी एका वाक्यात बसवताना थोडी ओढाताण होते, कारण चिनी बखरींतून आपल्याला ज्ञात असलेले फुनानचे राज्य सहाव्या शतकातच मावळू लागले होते आणि सातव्या शतकात सत्ता ज्यांच्याकडे होती त्यांना त्याच बखरी चेनला म्हणतात. त्या काळातला मोठा राजा ईशानवर्मन; त्याची राजधानी ईशानपूर म्हणजे आजचे संबोर प्रेई कुक, जिथे विटांच्या देवळांचे अख्खे नगरच जंगलात उभे आहे आणि ज्याला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. अंगकोर वाट बांधले गेले ते बाराव्या शतकात, म्हणजे गुहेतले हे देऊळ त्याच्याहून सुमारे पाचशे वर्षांनी मोठे. ते बांधले जात होते त्या शतकात इकडे महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते आणि दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातील रविकीर्ती ऐहोळेच्या शिलालेखात शक ५५६ अशी तिथी नोंदवत होता. कंबोडियातला सर्वांत जुना, तारीख असलेला ख्मेर भाषेतला लेख अंगकोर बोरेई इथला आहे आणि त्याची तिथी आहे शक ५३३, म्हणजे इसवी सन ६११. तोच शक! आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर शालिवाहन शके म्हणून जो छापलेला असतो तोच. पुढे शक ६०५ मधल्या एका ख्मेर लेखात ही संख्या लिहिताना मधल्या शून्यासाठी ठिपका कोरला आहे आणि शून्याच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तो गणला जातो.

नाशिककराला याची आणखी एक गंमत वाटते. पांडवलेण्यात तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो मोठा लेख आहे, त्यात तिने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन शकांचा संहार करणारा आणि क्षहरात कुळ निःशेष करणारा असे केले आहे. पुढे कालगणना राहिली ती शकांच्या नावाची, तिला नाव चिकटले शालिवाहनाचे, म्हणजे सातवाहनांचे, आणि ती गणना समुद्र ओलांडून मेकाँगच्या काठी गेली. ज्या आईने तो लेख कोरून घेतला तिला हे सांगितले असते तर तिने काय म्हटले असते, याचा विचार मी गुहेत बसून काही वेळ केला.

पांडवलेणी मी दर रविवारी चढतो, त्यामुळे तुलना टाळणे मला शक्य नव्हते. आपण लेणे करतो म्हणजे दगड काढून टाकतो. जे उरते ते खांब, जे उरते ते स्तूप, जे उरते ती बुद्धमूर्ती. वेरूळच्या कैलासात तर कारागीर कळसापासून खाली कोरत आले. या कामात चुकीला जागा नसते, कारण काढलेला दगड परत लावता येत नाही, आणि या धाडसाचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे. फ्नोम छ्नोकच्या कारागिरांनी याच्या नेमके उलट केले. डोंगराने पोकळी आधीच करून ठेवली होती. त्यांनी एकही दगड फोडला नाही. खालच्या शेतातल्या मातीच्या विटा पाडल्या, भाजल्या, त्या डोक्यावरून किंवा खांद्यावरून वर आणल्या, पुन्हा आत उतरवल्या, आणि पोकळीच्या आत आणखी एक लहान पोकळी बांधली. त्यांच्या हाताशी आजच्या सिमेंटच्या पायऱ्या नव्हत्या. विटांच्या त्या खेपा मी मनातल्या मनात मोजू लागलो आणि हजेरीपत्रक डोळ्यांसमोर आल्यावर थांबलो.

पण एवढा खटाटोप कशासाठी? गुहा होतीच; तीच देऊळ म्हणून चालली असती. उत्तर गाभाऱ्यात आहे. आत नेहमीसारखे घडवलेले, खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल असे लिंग नाही. आत आहे तो गुहेचाच खडक: पाण्याने थेंबाथेंबाने घडवलेला, चुनखडीचा, गुळगुळीत, राखाडी-पिवळसर. मुलाच्या बॅटरीच्या उजेडात त्याच्यावर ओलाव्याची चकाकी दिसत होती. त्याच्यासमोर उदबत्त्यांच्या काड्या जळून राखेच्या दांड्या झाल्या होत्या. पायथ्याच्या विहारात बुद्धाला हात जोडणारी माणसेच वर येऊन त्या लावतात, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

अशा गुहांमध्ये घडणारा दगड फार सावकाश वाढतो. पावसाचे पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, त्या आंबटपणावर चुनखडक विरघळवते, आणि गुहेच्या छतातून थेंब बाहेर आला की तो वायू हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना कणभर मागे राहतो. सर्वसाधारण वेग वर्षाला एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास धरतात. जागेनुसार, पावसानुसार तो कमी-जास्त होतो. तो वेग धरून मी हिशेब केला. देऊळ बांधल्यापासूनच्या तेराशे-चौदाशे वर्षांत होणारी वाढ तेरा-चौदा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. याचा सरळ अर्थ मला असा लागतो, की कारागीर जेव्हा वर आले तेव्हा हा खडक इथे होताच, बहुतेक याच रूपात होता, आणि त्यांनी देवळात देव बसवला नाही तर देव होता त्याच्याभोवती देऊळ बसवले. स्वयंभू हा शब्द आपण नाशिक-त्र्यंबकच्या परिसरात इतका सैल वापरतो की प्रत्येक गल्लीत एक स्वयंभू गणपती सापडतो. त्या गाभाऱ्याच्या दारात वाकून उभा असताना तो शब्द मला पहिल्यांदा एखाद्या मापासारखा नेमका वाटला.

देवळाच्या मागच्या बाजूला, जिथे छताचा खडक शिखरापर्यंत उतरला आहे, तिथे एक थेंब जमत होता. पावसाळा संपून महिनाभर झाला होता, तरी डोंगर अजून रिता झाला नव्हता. थेंब आधी नुसता ओला डाग होता, मग त्याला पोट आले, मग त्या पोटात मुलाच्या बॅटरीचा उजेड उलटा दिसू लागला, आणि मग तो सुटला. मी घड्याळ लावले. पुढचा थेंब सत्तेचाळीस सेकंदांनी पडला, त्याच्या पुढचा एकावन्न सेकंदांनी. पत्नी शेजारी येऊन उभी राहिली, तिनेही दोन थेंब पाहिले आणि म्हणाली, "गळती लावली आहे की हो देवावर."

मला काही क्षण कळलेच नाही. मग लक्षात आले, की ती पिंडीवरच्या गळतीविषयी बोलत होती. पिंडीच्या वर तिवईत ठेवलेले, बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र: तिच्या माहेरी श्रावणातल्या सोमवारी ते भरण्याचे काम तिच्याकडे असे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, आणि बत्तीस वर्षांत ते एकदाही माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसले नव्हते. आपल्या त्र्यंबकेश्वरात पिंडीच्या जागी खळगा आहे, त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत आणि तिथे पाणी खालून पाझरते. इथे ते वरून येते. ख्मेर लोकांनाही पाण्याचा आणि लिंगाचा हा संबंध पुरेपूर ठाऊक होता. अंगकोरच्या उत्तरेला कबाल स्पिअन इथे त्यांनी नदीच्या तळातच असंख्य लिंगे कोरली, म्हणजे खाली शेतात जाणारे पाणी आधी त्यांच्यावरून वाहून जाईल. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या पांडवलेण्यातल्या लेखात लेण्याबरोबरच पोढींची, म्हणजे पाण्याच्या टाक्यांची, नोंद आवर्जून केली आहे. डोंगरात देव बसवायचा तर पाण्याचे काय करायचे हे आधी ठरवावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक होती. फक्त माझ्या धंद्याने ठरवून टाकले आहे की पाण्याचे एकच करायचे: त्याला थोपवायचे.

मुलगा कंटाळला होता. त्याला एक डॉलर दिला, तो त्याने उजेडात धरून तपासला, कडा फाटलेली नाही याची खात्री केली आणि मगच खिशात घातला. तिकडे फाटकी नोट कोणी घेत नाही, तेव्हा जाणाऱ्यांनी कोऱ्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात. स्वतःची बॅटरी असावी, चप्पल घसरणारी नसावी, आणि भर दुपारी जाऊ नये.

परतताना टुकटुकमधून एक डोंगर दिसला. त्याची एक बाजू कापून काढली होती. कापलेला भाग भाकरीच्या तुकड्यासारखा पांढरा होता. कंपोट प्रांतात सिमेंटचे कारखाने आहेत आणि त्यांना लागणारा चुनखडक याच जातीच्या डोंगरांतून येतो. त्या डोंगराच्या पोटात गुहा होती की नव्हती, हे आता तिथल्या पोकलेनलाच माहीत. यावर मी रागावण्याचा अधिकार किती, हा प्रश्न आहे. नाशिकला येणारे सिमेंटही कुठल्या तरी चुनखडकाच्या डोंगरातूनच येते. तो डोंगर विदर्भातला असेल, कर्नाटकातला असेल, आणि माझ्या नजरेआड असल्यामुळे बत्तीस वर्षांत मी किती गोण्या फोडल्या याचा हिशेब मी कधी केलेला नाही. पत्नीला मी हे बोललो नाही.

नाशिकला परतल्यावर चौथ्या दिवशी सचिवांचा फोन आलाच. तळघरात गेलो, शिडी लावली आणि या वेळी ती टोके जवळून पाहिली. ती गुहेतल्या दगडाची चुलत भावंडे आहेत, पण जन्म उलट रस्त्याने झालेला आहे: काँक्रीटमधला विरघळलेला चुना घेऊन पाणी बाहेर येते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा दगड होतो, जुन्या वाड्यांच्या भिंतीतला, चुन्याच्या घाण्यात दळलेला चुना कडक होतो तसाच. गुहेत वायू निघून जातो, इथे तो आत येतो. हाती लागते ती वस्तू मात्र एकच. इथली वाढ गुहेपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान असते. सहा वर्षांत त्यांतले सर्वांत लांब टोक माझ्या करंगळीहून लांब झाले होते. त्याच्या टोकाशी थेंब होता. मी शिडीवर उभा राहून घड्याळ लावले. एकोणीस सेकंद.

"साहेब, काही सापडलं का?" सचिवांनी खालून विचारले.

पुढच्या आठवड्यात सांध्यात ग्राउट भरून घेतले; ते टिकेल की पुढच्या पावसाळ्यात पाणी दुसरी वाट काढेल हे जूनमध्ये कळेल. काम सुरू होण्याआधी मात्र ते लांब टोक मी मुळाशी हळूच मोडून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले. ते आता माझ्या टेबलावर, जुन्या ओळंब्याच्या शेजारी आहे. हाताला ते अंड्याच्या कवचासारखे लागते आणि आतून पोकळ आहे, जेमतेम एक थेंब मावेल एवढे. खिडकीकडे धरले की आरपार दिसते.